ग्रामपंचायतीच्या कारभारात कृत्रिम बुद्धिमत्तेचा जबाबदारीने वापर

(सरपंच, ग्रामपंचायत सदस्य व शेतकरी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



मी कृषिविद्या शिकविणारा माणूस. ग्रामपंचायतीच्या कारभारावर मी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण अलीकडे शिवारफेरीत मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "सर, मोबाईलने सांगितलं ते खरं धरायचं का?" हाच प्रश्न आता ग्रामपंचायतीच्या दारात येऊन उभा आहे. म्हणून सुरुवात शेतापासूनच करतो.

मागे एका खरिपात एका शेतकऱ्याच्या सोयाबीनची पाने पिवळी पडली. त्यांनी फोटो काढून मोबाईलमधील एका ॲपला विचारले. उत्तर आले, 'पिवळा मोझॅक, रोगट झाडे उपटून नष्ट करा.' तोच फोटो त्यांनी मला पाठविला. मी घाईत होतो. "तसेच दिसते" एवढे कळवून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी शेतात गेलो तर नवी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या आणि जमीन चुनखडीची. हा रोग नव्हताच, लोहाची कमतरता होती. तोवर त्यांनी दोन ओळी उपटल्या होत्या. ॲपने फक्त फोटो पाहिला, जमीन पाहिली नाही. ती पाहणे माझे काम होते. म्हणून त्या दोन ओळी मी माझ्याच खात्यावर धरतो.

शेतात अशी चूक झाली तर दोन ओळी जातात. ग्रामपंचायतीत झाली तर यादीतून माणूस जातो. आजच्या विषयाचे महत्त्व एवढ्यासाठीच आहे.

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे काय?

हे यंत्र मागील असंख्य नोंदी पाहते, त्यांतील सारखेपणा शोधते आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधते. अंदाज बहुधा बरोबर येतो, कधी साफ चुकतो. चुकला तरी भाषा तितकीच ठाम असते, हे लक्षात ठेवावे. यंत्राचे उत्तर हा पुरावा नव्हे, तो अंदाज आहे.

उपयोग आहेच

केंद्र सरकारच्या पंचायती राज मंत्रालयाने १४ ऑगस्ट २०२५ रोजी 'सभासार' हे साधन सुरू केले. ग्रामसभेचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण दिले की ते सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा तयार करून देते. त्यासाठी सरकारच्याच 'भाषिणी' या भाषा-प्रणालीचा आधार घेतलेला आहे. दुसऱ्याच दिवशी, स्वातंत्र्यदिनाच्या ग्रामसभांसाठी, त्रिपुरा राज्यातील ग्रामपंचायतींमध्ये त्याचा वापर ठरविण्यात आला होता.

ज्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (आपण त्यांना अजून ग्रामसेवकच म्हणतो) एकाहून अधिक गावे आहेत, त्यांचे काम यामुळे हलके होईल. लांबलचक शासन निर्णय सोप्या मराठीत समजून घेणे, अर्जाचा मसुदा करणे, तक्रारींची विषयवार वर्गवारी लावणे, यांसाठीही अशी साधने उपयोगी आहेत. त्यांना नाही म्हणण्याचे कारण नाही.

धोका कोठे आहे?

पहिला धोका ऐकण्याचा. ग्रामसभेत चारजण एकदम बोलतात, कोणी वऱ्हाडीत, कोणी मालवणीत. 'बंधाऱ्याचे दार बंद करू नये' आणि 'बंद करून ये' यांत कानाला किती फरक आहे? कागदावर मात्र अर्थ उलटा होतो. 'अडीच' ठिकाणी 'अडीचशे' झाले किंवा गट नंबरचा एक आकडा बदलला, तर पुढे वाद कोर्टात जातो. त्यावेळी इतिवृत्त हाच आधार असतो.

दुसरा धोका नावांच्या गोंधळाचा. तेलंगणा राज्यात २०१४ पासूनच्या काही वर्षांत १८ लाखांहून अधिक शिधापत्रिका रद्द झाल्या. निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी एकमेकांशी जुळविणाऱ्या संगणक-प्रणालीचाही त्या कामात वापर झाला होता. सायकल-रिक्षा ओढणाऱ्या एका माणसाची नोंद त्याच्यासारखेच नाव असलेल्या मोटारमालकाशी जोडली गेली आणि त्या घराचे धान्य बंद झाले. अखेर एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द पत्रिकांची प्रत्यक्ष जागेवर फेरतपासणी करण्याचा आदेश दिला. त्या तपासणीत हजारो कुटुंबे पात्र निघाली. आपल्या गावात एकाच नाव-आडनावाची किती माणसे आहेत, ते आठवून पाहा.

तिसरा धोका जुन्या पक्षपाताचा. नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहराच्या नगरपालिकेने २०१७ पासून सरकारी मदत घेणाऱ्यांपैकी कोणाची चौकशी करावी हे ठरविण्यासाठी असे यंत्र वापरले. बाई असणे, स्थानिक भाषा नीट न येणे अशा गोष्टींनी माणसाचे संशयाचे गुण वाढत होते. टीका झाल्यावर २०२१ मध्ये हा वापर थांबविण्यात आला. किडके बियाणे पेरून निरोगी पीक येत नाही, तसेच हे आहे.

काय करावे?

१. यंत्राने केलेल्या इतिवृत्ताला मसुदाच समजावे. ठराव ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावेत. नावे, रकमा, गट नंबर आणि 'नये', 'नाही' हे शब्द मुद्दाम तपासावेत. मगच सही करावी. मूळ ध्वनिमुद्रण जपून ठेवावे.

२. कोणाचेही नाव यादीतून वगळण्याचा निर्णय यंत्रावर सोडू नये. यंत्राने शंका काढली तर नोटीस द्यावी, घरी किंवा शेतावर जाऊन पाहणी करावी, त्या माणसाचे म्हणणे ऐकावे आणि निर्णयाचे कारण लेखी द्यावे.

३. गावकऱ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती, आजारपणाची माहिती फुकट मिळणाऱ्या ॲपमध्ये टाकू नये. संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला आहे, याची जाणीव ठेवावी.

४. नवे वाण आपण पहिल्याच वर्षी सगळ्या रानात लावत नाही, आधी चार गुंठ्यांत पाहतो. तसेच नवे साधन आधी एका कामापुरते घ्यावे. दोन-तीन सभांचे इतिवृत्त हातानेही लिहावे व यंत्राच्या इतिवृत्ताशी ताडून पाहावे. चुका वहीत नोंदवाव्यात.

५. विक्रेत्याला लेखी विचारावे : आमची माहिती कोठे ठेवता? आमच्या भागातील बोलीवर चाचणी घेतली का? चूक निघाल्यास जबाबदार कोण? करार संपल्यावर माहिती परत मिळेल का? उत्तर न देणाऱ्याकडून घेऊ नये.

६. कोणत्या कामात यंत्र वापरले जाते आणि तक्रार कोणाकडे करावी, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावे. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांचा कागदी अर्ज पूर्वीप्रमाणेच स्वीकारावा.

शेतकऱ्यांनी काय करावे?

आपल्या राज्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. त्यांना हजर राहावे आणि ठराव वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा. आपले नाव यादीत नसेल तर "संगणकातच नाही" या उत्तरावर परत फिरू नये. कारण लेखी मागावे. माहितीचा अधिकार कायदा २००५ पासून आपल्या हाती आहेच.

एका सरपंच ताईंनी मला विचारले, "सर, चूक यंत्राची असली तरी बोलणी आम्हीच का खायची?" मी म्हणालो, "ताई, सही तुमची असते म्हणून." फवारणी पंपाने होते, पण औषध कोणते, किती आणि केव्हा हे शेतकरी ठरवितो, पीक जळाले तर पंपाला कोणी विचारत नाही. ग्रामपंचायतीतही यंत्राला गडी म्हणून जरूर ठेवावे, कारभारी मात्र आपणच राहावे.