परगांवच्या बिऱ्हाडांत तार कोणाची घ्यावी?

बदलीची किंवा नव्या नोकरीची वार्ता आली कीं गृहस्थाच्या डोळ्यांपुढें प्रथम घराचा प्रश्न उभा राहतो, मागोमाग मुलांच्या शाळेचा, आणि त्याच्या मागोमाग दुधाचा व मोलकरणीचा. दूरचित्रवाणी व इंटरनेट यांचा विचार सर्वांच्या शेवटीं होतो. आणि तोही बहुधा सामान उतरण्याच्या दिवशींच, दाराशीं येऊन उभ्या राहिलेल्या पहिल्या विक्रेत्याच्या तोंडून. त्या घटकेस यजमान हमालांशीं हुज्जत घालीत असतात, गृहिणी चहासाखरेचे डबे शोधीत असते, आणि कोणासच नीट चौकशी करण्याची शुद्ध नसते. वर्षाची वर्गणी आगाऊ भरून टाकली जाते, आणि तिचा पश्चात्ताप पुढें अकरा महिने करावा लागतो.

उदाहरणादाखल नाशिकहून बंगळूरास जाणारें एक कुटुंब कल्पावें. पति-पत्नी दोघेंही नोकरी करणारीं, पत्नी आठवड्यांतून तीन दिवस घरूनच काम करणारी, मुलगा नववींत, आणि घरांत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. सासूबाईंना कानडीचें एक अक्षर येत नाहीं. शेजारणीशीं बोलणें खुंटलेलें, देवळांतील पुराण कळत नाहीं; सायंकाळच्या दोन मराठी मालिका आणि रात्रींच्या बातम्या एवढाच त्यांचा शेजार. सुनेचें काम तारेवर चालतें, मुलाचा अभ्यास तारेवर चालतो, आणि सासूबाईंचें मन पडद्यावर रमतें. तेव्हां ही निवड किरकोळ आहे असें कोणीं समजूं नये.

यांतली पहिली चूक म्हणजे दोन निराळ्या गरजा एकच मानणें. विक्रेता सर्व कांहीं एकाच पॅकमध्यें बांधून देऊं पाहतो; त्यांत त्याची सोय असते. ग्राहकानें मात्र दूरचित्रवाणी वेगळी व इंटरनेट वेगळें असा विचार करावा, आणि मग दोन्ही एकाच कंपनीकडून घेणें परवडत असेल तर खुशाल घ्यावीं.

मुंबईस दूरदर्शन केंद्र सुरू झालें तें २ ऑक्टोबर १९७२ रोजीं. त्या काळीं गच्चीवर उंच काठी उभारून ॲण्टेना फिरवीत बसणें हेंच काय तें कौशल्य होतें. दूरदर्शनचीं तीं जमिनीवरून प्रक्षेपण करणारीं जुनीं केंद्रें आतां बहुतेक बंद झालीं आहेत. सध्यां घरांत चित्र येण्याच्या वाटा तीन: गल्लींतील केबल, छपरावरील छत्री, आणि इंटरनेट.

केबलवाला त्या त्या भागाचा असतो, आणि त्याचा संच त्या भागाच्या भाषेस धरून असतो. बंगळूरांत कानडी, तमिळ, तेलुगू वाहिन्यांची रेलचेल. मराठी वाहिन्या मात्र कोणाकडे सर्व, कोणाकडे दोन, तर कोणाकडे एकही नाहीं, असा प्रकार असूं शकतो. १९९७ सालीं स्थापन झालेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, नियमांप्रमाणें २०१९ पासून ग्राहकास एकेक वाहिनी निवडून घेण्याचा हक्क मिळाला आहे. पण ज्या वाहिन्या केबलवाल्याकडे आहेत त्यांतूनच ही निवड करावयाची असते. जी त्याच्याकडे नाहीं ती मागून मिळत नाहीं. म्हणून पैसे देण्यापूर्वीं त्याच्याकडून वाहिन्यांची छापील यादी घ्यावी आणि सासूबाईंच्या समोर बसून ती वाचावी.

दराविषयींही एक खुलासा अवश्य आहे. नुसती जोडणी चालूं ठेवण्याच्या आकारावर पूर्वीं मर्यादा होती. मार्च २०२० पासून १३० रुपये व वर कर, एवढ्यांत दोनशें वाहिन्या द्याव्या लागत. जुलै २०२४ च्या दुरुस्तीनें ही मर्यादा उठविण्यांत आली. तेव्हां ‘१३० रुपयांचा नियम आहे’ असें दटावून आतां भागत नाहीं. जोडणीचा आकार किती, वाहिन्यांचे किती, कर किती, हें वेगवेगळें लिहून मागावें.

छत्रीची गोष्ट निराळी. विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिर दिसणाऱ्या उपग्रहाकडे ती रोखलेली असते, आणि त्या उपग्रहास नाशिक व बंगळूर हा भेद फारसा ठाऊक नसतो. जी मराठी वाहिनी नाशिकला दिसे तीच बंगळूरास दिसते. शिवाय नाशिकचाच सेट-टॉप बॉक्स व तोच ग्राहक क्रमांक नव्या पत्त्यावर चालवितां येतो. कंपनीला कळवून स्थलांतराचा आकार भरला म्हणजे झालें. केबलचा डबा मात्र सहसा जुन्या गांवींच राहतो, आणि एका कंपनीचा डबा दुसरीकडे लावून चालत नाहीं. वारंवार बदली होणाऱ्या कुटुंबास छत्री सोयीची ती यासाठीं. तिच्या अडचणी दोन. बंगळूराहून आपल्याकडील प्रमुख सेवांचे उपग्रह आग्नेयेच्या बाजूस, आकाशांत बरेच वर असतात. घराची गॅलरी उत्तरेस असेल किंवा समोर जुनें विस्तीर्ण झाड असेल तर छत्री गच्चीवरच न्यावी लागते, आणि तेथें घरमालकाची व सोसायटीची परवानगी लागते. ती घर पाहावयास जातांनाच विचारून ठेवावी; भाडेकरार झाल्यावर घरमालकाचा सूर बदललेला आढळतो. दुसरी अडचण पावसाची. या लहरी जोराच्या सरींत शोषल्या जातात व चित्र गोठतें. बंगळूरास तर मे महिन्यांतल्या सायंकाळीं वळिवाची सर ठरलेलीच.

ज्यांस खर्च नको त्यांनीं दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’चा विचार करावा. छत्री व डबा एकदां विकत घेतला कीं पुढें मासिक वर्गणी नाहीं, आणि सह्याद्रि वाहिनी तीवर दिसते. मात्र खासगी वाहिन्यांपैकीं मोजक्याच तीवर असतात.

इंटरनेटवरून चित्र पाहण्याची रीत तरुणांस आवडते, आणि तिच्यांत लाभही आहेत. परंतु ज्या घरांत वृद्ध माणूस आहे तेथें एक गोष्ट पाहावी. एक रिमोट दूरचित्रवाणीचा, दुसरा त्या छोट्या डब्याचा, त्यावर पुन्हां ॲप निवडावयाचें, आणि मधूनच परवलीचा शब्द विचारला जावयाचा. सासूबाई दोन दिवस विचारतात, तिसऱ्या दिवशीं संकोचानें विचारीत नाहींत, आणि काळ्या पडद्यासमोर जपमाळ घेऊन बसतात. घरांतील माणसांस वाटतें, त्यांना आवड उरली नाहीं.

आतां इंटरनेट. जाहिरातींत ‘१०० एमबीपीएस’ असें लिहिलेलें असतें तें बिटांचें माप होय. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून प्रत्यक्षांत सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. तेवढेंही सामान्य घरास पुष्कळ झालें. स्वच्छ चित्रास पांच एमबीपीएस पुरतात, अतिशय सूक्ष्म अशा फोर-के चित्रास पंधरा ते पंचवीस. चौघांच्या घरानें मोठ्या आंकड्यास भुलण्याचें कारण नाहीं. त्यापेक्षां वर जाणारा वेग किती, हें विचारावें; सुनेच्या सभा व मुलाच्या शिकवण्या त्यावरच अवलंबून असतात, आणि विक्रेते तो आंकडा आपण होऊन सांगत नाहींत.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा कीं, फायबर नेमकें कोठपर्यंत येतें? कांचेचा तो तंतु केसाएवढा बारीक असतो, त्यांतून प्रकाश धांवतो. कांहीं कंपन्या तो थेट घरांत आणतात. त्या पद्धतींत वाटेवर एका तंतूच्या बत्तीस किंवा चौसष्ट शाखा होतात, पण त्या फांट्यास वीज लागत नाहीं. कांहीं कंपन्या मात्र फायबर इमारतीपर्यंत आणून जिन्यांतल्या पेटींत संपवितात, आणि तेथून तांब्याची तार घरांत सोडतात. नांव दोहोंसही ‘फायबर’च. फरक कळतो तो वीज गेल्यावर. घरांत इन्व्हर्टर असूनही इंटरनेट बंद पडतें, कारण जिन्यांतल्या पेटीस वीज नाहीं. आणि तिकडे सभेंत सुनेचा चेहरा बोलतां बोलतां गोठलेला असतो. जुन्या टेलिफोनची तार एक्स्चेंजमधील बॅटरीवर चाले, म्हणून अंधारांतही घंटी वाजे. ती सोय आतां गेली. घरांतील यंत्रास स्वतःचा विजेचा आधार करून द्यावाच लागतो.

५जी लहरींवर चालणारी, तारेवांचूनची घरगुती सेवा २०२३ पासून मिळूं लागली आहे. जेथें तार पोहोंचत नाहीं तेथें ती उपयोगी. पण तिचा वेग जवळच्या मनोऱ्यावर व त्यावरील गर्दीवर अवलंबून राहतो.

या सर्व चौकशींत सर्वांत भरंवशाचा साक्षी म्हणजे त्याच इमारतींतला शेजारी. रात्रीं नऊ वाजतां, सर्व बिऱ्हाडें पडद्यासमोर बसलेलीं असतांना, वेग किती राहतो. तक्रार केल्यावर माणूस त्याच दिवशीं येतो कीं चौथ्या दिवशीं. हें तोच सांगूं शकतो. शहरभर नांवाजलेली कंपनी एका गल्लींत निकामी असूं शकते. कित्येक इमारतींत एकाच कंपनीस आंत येऊं दिलेलें असतें; तेंही घर घेण्यापूर्वींच कळलेलें बरें. आणि राउटर मुख्य दाराच्या कोपऱ्यांत बसवूं देऊं नये. कामाची खोली जेथें असेल तिच्या जवळ तो असावा. काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झची वेगवान लहर क्षीण होते.

पैशाविषयीं एवढेंच कीं पहिले तीन महिने दरमहा भरावे. वर्षाचें आगाऊ घेऊन जोडणीचा आकार माफ करण्याची लालूच दाखविली जाते. पण सेवा न आवडल्यास किंवा पुन्हां बदली झाल्यास उरलेली रक्कम परत मिळविणें किती जड जातें, तें भोगलेल्यांस विचारावें. ‘अमर्याद’ या शब्दापुढें बारीक अक्षरांत मर्यादा असते. ती ओलांडली कीं वेग गोगलगाईचा होतो.

तक्रार टेलिफोनवर केली तरी तिचा क्रमांक लिहून घ्यावा. इंटरनेटच्या बाबतींत कंपनीनें मुदतींत दाद न दिल्यास तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आंत अपील करितां येतें. त्याचा निकाल एकोणचाळीस दिवसांत लागावा असा नियम आहे. ट्राय व्यक्तिशः तक्रारी सोडवीत नाहीं, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. ग्राहक न्यायालयाचें दार मात्र उघडें आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तेथें चालूं शकतात, असें सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०२२ मध्यें स्पष्ट केलें आहे.

एवढी चौकशी केलेलें तें नाशिकचें कुटुंब काय करील? नाशिकची छत्री आग्नेयेच्या गॅलरींत बसवील, आणि खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडास विचारून, घरापर्यंत येणारें फायबर महिन्याच्या कराराने घेईल. मे महिन्यांत वळवाची सर येईल, ऐन मालिकेच्या रंगांत चित्र गोठेल, आणि सासूबाई उठून वाळत घातलेले कपडे काढावयास गॅलरींत जातील. पलीकडच्या गॅलरींत कानडी शेजारीणही त्याच कामासाठीं आलेली असेल.