पुण्णाची तयारी



विजासनची बौद्ध लेणी तुम्हा विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी पाहिली असणार. एक लांब बोगदा थेट डोंगराच्या पोटात जातो आणि त्याच्या टोकाला बुद्धमूर्ती बसलेली आहे. दोन्ही अंगांना आखूड बोगदे आहेत, तिथेही तसंच. आपण आत जातो, फोटो काढतो, बाहेर येतो. मला आज एके काळी तिथे राहणाऱ्या माणसांबद्दल, भिक्खूंबद्दल, बोलायचं आहे. भिक्खूला साठवणीची मुभा नसे. सकाळी पात्र घेऊन गावात जायचं, जे पडेल ते खायचं, दुपारनंतर जेवायचं नाही. पावसाळ्यात एका जागी थांबायचं, एरवी चालत राहायचं. आजही ताडोब्याच्या जंगलाकडेच्या गावांत वाघाच्या भीतीने दिवेलागणीनंतर एकटं कोणी निघत नाही, तेव्हाच्या वाटा कशा असतील ते तुम्हाला मी सांगायला नको. अशा जगण्यात कुरकुर करायला भरपूर जागा होती. तरी या माणसांत कृतज्ञतेची एक शिस्त होती, आणि तिची मला सर्वांत आवडणारी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातच घडते.

पुण्ण नावाचा एक भिक्खू होता. परंपरेनुसार तो मूळचा सोपाऱ्याचा व्यापारी. पालघर जिल्ह्यातलं नालासोपारा म्हणजेच ते गाव. तिथला स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी उकरून काढला. पुण्ण व्यापारासाठी श्रावस्तीला गेला, तिथे बुद्धांचा उपदेश ऐकून भिक्खू झाला, आणि पुढे त्याने ठरवलं की आपल्याच मुलखात, सूनापरान्तात, धम्म सांगायला जायचं. मज्झिम निकाय या पाली ग्रंथात त्याचा आणि बुद्धांचा संवाद आहे. बुद्ध त्याला सावध करतात. तिथली माणसं तापट आहेत, शिव्या देतील, मग तू काय करशील? पुण्ण सांगतो, हात तर उगारला नाही, म्हणजे भलीच माणसं, असं मी समजेन. हात उगारला तर? ढेकळं मारली नाहीत, म्हणून बरी. ढेकळं मारली तर? काठी उचलली नाही, म्हणून. प्रश्न असेच चढत शस्त्रापर्यंत आणि शेवटी जिवापर्यंत जातात. तो डगमगत नाही, तेव्हा बुद्ध त्याला जायला सांगतात.

मला या संवादातलं एक फार महत्त्वाचं वाटतं. हे सगळं तो निघण्याआधी बोलतो. मार खाऊन झाल्यावर मनाची समजूत घालणं वेगळं. इथे एक माणूस काय काय होऊ शकतं ते डोळ्यांसमोर आणतो, आणि प्रत्येक पायरीवर काय शाबूत राहील ते मोजून ठेवतो. शिवाय ती माणसं त्याला परकी नव्हती, तो त्यांच्यातच वाढला होता. सोपी जागा त्याला मागता आली असती.

इथे मुलींना मी मुद्दाम सांगतो. ही गोष्ट कोणी तुम्हाला सोसायला शिकवण्यासाठी सांगितली, तर ऐकू नका. पुण्ण कुणाच्या घरात अडकलेला नव्हता. काम त्याने निवडलं होतं, वाट त्याने निवडली होती. मारणाऱ्याला कृतज्ञतेची मागणी करण्याचा हक्क या गोष्टीतून मिळत नाही.

आता जवळचं सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि दिली, आणि १६ ऑक्टोबरला आपल्या चांद्याला लाखोंना दीक्षा दिली. ६ डिसेंबरला ते गेले. दोन महिनेही झाले नव्हते. नव्या वाटेवर आलेल्या माणसांना वंदना शिकवायची, पंचशील समजावून सांगायचं, लग्न कसं लावायचं ते दाखवायचं, हे काम गावोगावच्या साध्या कार्यकर्त्यांवर आलं. माझे वडील त्यांतले एक. सातवी शिकलेले, सायकल उसनी घेऊन फिरणारे. दीक्षा घेतली म्हणून काही गावांत मजुरी बंद झाली, विहिरीवर अडवणूक झाली. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या त्या १९९०ला. मधली सगळी वर्षं या लोकांनी पदरमोड करून काम केलं.

एकदा एका गावात वडिलांना रात्री थांबायला कोणी जागा देईना. पाऊस लागलेला. एका म्हातारीने गोठ्याचं कवाड उघडलं. थोड्या वेळाने ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी आणली, पळसाच्या पानावर. पान तिने लांबूनच जमिनीवर ठेवलं आणि ती मागे सरली. वडील जेवले. सकाळी तिला म्हणाले, माय, काल तुझी भाकर नसती तर मी उपाशी निजलो असतो, हे मी विसरणार नाही. पण पान हातात दिलं असतंस तर आणखी गोड लागली असती. ती काही बोलली नाही. वडील पुढेही त्या गावी जात राहिले. काही काळाने ती घरातल्या पितळीत वाढायला लागली. तिच्या मुलाने मात्र वडिलांशी शेवटपर्यंत बोलणं टाळलं.

भाकरीचे आभार मानले म्हणून अंतराबद्दल गप्प बसायचं, असं वडिलांना कधी वाटलं नाही. आणि अंतर ठेवलं म्हणून भाकर विसरायची, असंही वाटलं नाही. ज्यांनी दारं लावून घेतली त्यांची नावं मला आमच्या घरात कधी कळली नाहीत. त्या म्हातारीचं नाव आम्हा सगळ्या भावंडांना पाठ आहे.

तुमच्यातले काहीजण उद्या नर्स व्हाल, शिक्षक व्हाल, वनरक्षक व्हाल. नेमणूक भामरागडकडे निघेल. पर्लकोटा नदीला पूर आला की तिथला रस्ता बंद पडू शकतो, मोबाईलची रेंज जाऊ शकते. हजर होण्याआधी पुण्णासारखं एकदा बसून स्वतःला सगळे प्रश्न विचारून घ्या. आणि पहिल्या पगाराच्या वेळी घरी फोन कराल, तेव्हा तिथे काय नाही ते सांगून झालं की, पहिल्या दिवशी चहा कोणी पाजला त्याचं नावही आईला सांगा.

बक्षिसांची वाट पाहणारी पोरं मला इथून दिसताहेत, तेव्हा थांबतो. जय भीम, जय हिंद.