नमुन्याची परीक्षा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात रनाळे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानास आम्ही जो विषय निवडला आहे तो ऐकून आपणांपैकी कित्येकांस नवल वाटेल. ज्ञातिमेळाव्यात बोलावयाचे ते शिक्षणाविषयी, विवाहातील खर्चाविषयी किंवा वसतिगृहाच्या निधीविषयी, असा प्रघात आहे. त्यात संकेतस्थळावरील पानांच्या नमुन्यांची परीक्षा हा विषय कोठून आला? त्यास दोन कारणे आहेत. आपल्या ज्ञातीतील अनेक घरांतील मुलगे व मुली आज पुण्यास, नाशकास किंवा त्याहून दूर संगणकाच्या व्यवसायात आहेत. दिवसभर काय करतोस, असे आईने विचारले असता मुलगा ‘टेस्ट लिहितो’ असे उत्तर देतो, आणि शिक्षण संपल्यावर ही आणखी कसली परीक्षा, असा प्रश्न त्या माउलीस पडतो. दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. मंडळाची वधूवर सूची संकेतस्थळावर आणण्याचा ठराव आज सायंकाळी सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. त्या सूचीत आपल्या लेकीबाळींची नावे, जन्मतारखा व घरचे दूरध्वनी क्रमांक असणार. हे काम कोणत्या अटीवर हाती घ्यावे याचा विचार मतदानापूर्वी व्हावा, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम नमुना म्हणजे काय ते पाहू. हा शब्द शेतकऱ्याच्या घरात परका नाही. महसुली दप्तरात एकवीस गाव नमुने असतात. त्यांपैकी सातवा अधिकार अभिलेखाचा आणि बारावा पिकांच्या नोंदींचा. या दोहोंच्या जोडीस आपण सातबारा म्हणतो. रकाने, मथळे व रेषा सर्व गावांस सारख्याच. गट क्रमांक, खातेदाराचे नाव व क्षेत्र मात्र निरनिराळे. संगणकाचे तरुण ज्यास टेम्प्लेट म्हणतात ते हेच होय. त्या टेम्प्लेटात ठरावीक मजकूर एकदाच लिहिलेला असतो आणि जेथे नाव यावयाचे तेथे दुहेरी महिरपी कंसांत केवळ खूण असते. कोणी पान मागितले की संगणक खुणेच्या जागी त्या व्यक्तीची माहिती भरतो आणि तयार पान पाठवितो.

आता यातील धोका पाहा. लेखनिकाच्या हातून एका उताऱ्यात चूक झाली तर एका घराचे नुकसान होते. नमुन्यातच चूक राहिली तर ती त्या नमुन्यावर निघणाऱ्या प्रत्येक उताऱ्यात उतरते. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने सातबाऱ्याचा नमुना बदलला. गावाच्या नावासह त्याचा संकेतांक येऊ लागला, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक दिसू लागला, आणि कमी झालेली नावे पूर्वी कंसात दाखवीत ती आडव्या रेषेने खोडून दाखविण्यात येऊ लागली. महाराष्ट्रात सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत. ती आडवी रेष कोणत्या नावावर ओढावयाची हे सांगणारी नमुन्यातील अट उलटी लिहिली गेली असती, तर मयताचे नाव कायम राहून जिवंत खातेदाराचे नाव खोडले गेले असते! तसे घडले असे आमचे म्हणणे नाही. नमुन्यातील एका ओळीवर किती घरांचा भार असतो, एवढेच दाखवावयाचे आहे. आधारपत्राचे वाटपही २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातील टेंभली गावी प्रथम झाले. तेथेही नमुना एक आणि माणसे अगणित.

मग तपासणी कशी करावी? एक मार्ग आपण पाहिला आहे. २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन झाले. संगणकावरील सातबारा लोकांपुढे वाचून दाखवावयाचा, ज्याचे त्याने ऐकावयाचे आणि चूक असल्यास तेथेच सांगावयाचे, अशी ती रीत होती. मार्ग उत्तम, परंतु असे वाचन वर्षानुवर्षांतून एकदा होते. संकेतस्थळाचा नमुना तर महिन्यातून चार वेळा बदलतो. दर वेळी सारा गाव चावडीवर कसा बोलवावा? यास्तव जे वाचन माणसाने करावयाचे ते यंत्राकडे सोपविणे, म्हणजेच स्वयंचलित टेस्ट लिहिणे होय.

तिची रचना शाळेतील उत्तरपत्रिका तपासण्यासारखी आहे. प्रथम प्रश्न, मग उत्तर आणि शेवटी नमुना-उत्तराशी ताळा. एक कल्पित उमेदवार घ्यावी, तिचे नाव सुलभा ठेवावे व तिची माहिती टेम्प्लेटास द्यावी. जे पान तयार होईल त्यात ‘सुलभा’ हा शब्द आहे किंवा नाही हे यंत्रास पाहावयास सांगावे. आहे तर उत्तीर्ण, नाही तर अनुत्तीर्ण. अशा शंभर टेस्टा काही क्षणांत होतात, आणि नमुन्यात एक ओळ बदलली तरी पुनः सर्व चालविता येतात.

या शास्त्राचा इतिहास फार जुना नाही. केंट बेक व एरिक गामा या दोघांनी १९९७ मध्ये जेयुनिट हे साधन तयार केले, आणि तेव्हापासून टेस्ट लिहिण्याची शिस्त जगभर पसरली. २००४ मध्ये सेलेनियम निघाले. ते माणसाप्रमाणे ब्राउझर उघडते, कळ दाबते व परिणाम पाहते. अमेरिकेतील लॉरेन्स या गावी एका वृत्तपत्राच्या कचेरीत जँगो नावाची चौकट जन्मास आली व २००५ मध्ये ती सर्वांस मोफत खुली झाली. तिच्यात ब्राउझर न उघडताही पान तपासण्याची सोय आहे. आपल्या मुलांपैकी ज्यांनी सूचीचे काम पत्करले आहे ते हीच चौकट वापरणार आहेत.

या चौकटीचा एक स्वभाव ध्यानात ठेवण्यासारखा आहे. टेम्प्लेटात खुणेचे नाव लिहिताना एका अक्षराची चूक झाली तर ती बहुधा तक्रार करीत नाही. ती जागा गुपचूप कोरी सोडून पान पुढे पाठविते. पान सुबक दिसते, फक्त मुलीचे शिक्षण किंवा वडिलांचे नाव त्यात नसते. गप्प राहणारी चूक ही बोलणाऱ्या चुकीपेक्षा वाईट, कारण तिचा पत्ता लागतो तो स्थळ परत गेल्यावर! उलटपक्षी, माहिती मुळातच रिक्त असेल तर त्या जागी ‘नन’ असा इंग्रजी शब्द उमटतो. एखाद्या विधवा भगिनीच्या पानावर पतीच्या नावापुढे तो शब्द छापून यावा, हे आपणांस रुचेल काय? यास्तव पूर्ण माहितीची एक टेस्ट आणि अपुऱ्या माहितीची दुसरी, अशा दोन्ही हव्यात.

मराठीच्या स्वतःच्या अडचणी आणखी निराळ्या. ‘ज्योत्स्ना’ या नावात डोळ्यांस दोनच जोडाक्षरे दिसतात, परंतु संगणकाच्या हिशेबी हलन्त व स्वरचिन्हे धरून ती दहा चिन्हे होतात. नमुन्यात जागा पुरावी म्हणून कोणी सहा चिन्हांवर नाव छाटले तर ‘ज्योत्’ एवढेच उरेल. ‘शेतकऱ्याचा’ या शब्दातील ऱ एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच र व त्याखालील टिंब अशा दोन चिन्हांनीही. डोळ्यांस भेद दिसत नाही, पण यंत्र त्यांस दोन निराळे शब्द मानते आणि योग्य पानासही नापास करते. म्हणून ताळा करण्यापूर्वी दोन्ही बाजू एकाच रूपात आणाव्यात. इंग्रजीत लिहिलेल्या टेस्टा या गोष्टी विचारीत नाहीत. त्या आपल्या मुलांनीच विचारल्या पाहिजेत.

आता मुख्य मुद्दा. पानावर काय दिसावे याची परीक्षा जितकी आवश्यक, तितकीच काय दिसू नये याचीही आहे. दूरध्वनी क्रमांक केवळ नोंदलेल्या सभासदास दिसावा असा नियम आपण करू. पण नियम ठरावात लिहून भागत नाही, तो टेस्टेत लिहावा लागतो. तिऱ्हाइत म्हणून पान मागावे आणि त्यात क्रमांक नाही याची खात्री करावी. येथे एक सावधगिरी हवी. पान सर्वस्वी कोरे आले तरी त्यात क्रमांक नसतोच, आणि टेस्ट उत्तीर्ण होते. म्हणून तिच्या जोडीस दुसरी हवी, की सभासदास तोच क्रमांक दिसतो. तसेच, नावाच्या जागी कोणी खोडसाळपणे संगणकाची आज्ञा लिहून पाठविली तर ती पानावर अक्षरे म्हणून उमटावी, आज्ञा म्हणून चालू नये. जँगोने २००८ च्या पहिल्या पूर्ण आवृत्तीपासून हे संरक्षण आपोआप दिले आहे. परंतु ते संरक्षण एका शब्दाने बंदही करता येते, म्हणून त्याचीही टेस्ट हवी.

परीक्षकानेही काही पथ्ये पाळावीत. संपूर्ण पान अक्षरशः जुळले पाहिजे असा हट्ट धरू नये, नाहीतर मथळ्यातील एक स्वल्पविराम बदलला तरी सर्व टेस्टा कोसळतात आणि लोक त्यांकडे दुर्लक्ष करू लागतात. जे महत्त्वाचे तेवढेच तपासावे. कधीही नापास न करणारा परीक्षक निरुपयोगी. यास्तव नवी टेस्ट लिहिल्यावर नमुन्यात मुद्दाम चूक करून ती अनुत्तीर्ण होते हे एकदा पाहून घ्यावे. आणि गर्व तर करूच नये. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६९ च्या सुमारासच बजावले होते की, परीक्षेने चूक आहे हे सिद्ध होते, चूक मुळीच नाही हे सिद्ध होत नाही. पान वाचावयास सुखद आहे काय, म्हाताऱ्या डोळ्यांस अक्षर लागते काय, हे माणसानेच पाहावे लागेल.

काही मंडळी म्हणतील की आपले संकेतस्थळ लहान, मुले विनावेतन काम करणार, त्यांच्यावर हा दुहेरी भार कशास? आमचे उत्तर असे की, विनावेतन काम करणारी मुले आज आहेत, उद्या नोकरीनिमित्त परगावी जातील. त्यांच्या मागून येणाऱ्यास नमुन्यातील कोणती ओळ कशासाठी आहे हे कोण सांगणार? मागे राहिलेल्या टेस्टाच सांगणार. त्या म्हणजे नव्या हातास जुन्या हाताने लिहून ठेवलेले पत्रच होय.

म्हणून आमची सभेस विनंती आहे की, ठरावास पुढील अट जोडावी: पूर्ण माहिती, अपुरी माहिती, रिक्त सूची, मराठी जोडाक्षरे आणि क्रमांकाची गुप्तता, या पाच बाबींच्या टेस्टा लिहिल्याखेरीज सूची खुली करू नये, आणि नमुन्यातील कोणताही बदल त्या सर्व उत्तीर्ण झाल्याखेरीज प्रसिद्ध करू नये. याने काम पंधरा दिवस लांबेल. परंतु ज्या सूचीवर आपण लेकींची नावे ठेवणार, तिच्यासाठी पंधरा दिवस थांबणे जड जाऊ नये.