घटप्रभेच्या खोऱ्यातील गेंडा

कडोलीच्या परिसरातून वाहणारी मार्कंडेय नदी पुढे गोकाकनजीक घटप्रभेस मिळते, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक आहे. परंतु त्याच गोकाकजवळ, चिकदौली गावानजीक, एका नामशेष गेंड्याचे अश्मीभूत अवशेष मिळाले आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ साली ‘ऱ्हायनोसेरस डेक्कनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा गेंडा, या नावाने त्याची शास्त्राच्या दफ्तरी नोंद केली, ही हकीकत आपल्याच मुलखात फारशी कोणी सांगत नाही, याची मला खंत वाटते.

आपला काळा कातळ तप्त लाव्हारसाचा. त्यात हाडे शोधणे बहुधा व्यर्थ. ती टिकतात नदीने आणून टाकलेल्या गाळात, आणि त्यातही सर्वांत चिवट त्या दाढा. गेंड्याचे शिंग हाडाचे नसून नखाच्याच द्रव्याचे असते, म्हणून ते कुजून जाते व नाकाच्या हाडावर केवळ खडबडीत उंचवटा उरतो. दाढेवरील दंतवल्काच्या वळणदार कडा मात्र इतक्या स्वच्छ राहतात की, जाणकारास त्यांवरून प्राण्याचे कूळ ओळखता येते. गेंड्याचे कूळ घोडा व टॅपिर यांचे सगोत्र. या विषमखुरी घराण्याच्या मुळाशी निगडित असा कॅम्बेथेरियम हा प्राणी सुरत जिल्ह्यात, वस्तानच्या लिग्नाइट खाणीत सापडला असून, तो सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

विहीर वा नाला खोदताना जुन्या गाळात दगडासारखे जड हाड लागलेच, तर ते फोडू नये. जागेची व खोलीची नोंद करून जवळच्या महाविद्यालयातील भूविज्ञान विभागास कळवावे.