मुठीत मावेल एवढे रान
(बालवाडी सेविकांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



आपल्या बहुतेक बालवाड्यांत खेळण्यांचे एक कपाट असते आणि त्या कपाटाला कुलूप असते. खेळणी थोडी, मुले जास्त, मोडले तर नवे कोण देणार, ही तुमची काळजी मला समजते. पण दाराबाहेर पाऊल टाकले की साग, पळस, मोह, ऐन उभे असतात. त्यांच्याखाली रोज नवे साहित्य पडते. ते मोडले तरी चालते, हरवले तरी चालते. मुलांना घेऊन ते कसे वेचावे आणि कशासाठी वेचावे, एवढेच आज बोलणार आहे.

ही कल्पना नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी आयुष्य वेचले. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी आसपास मिळणाऱ्या वस्तूंतूनच साधने उभी केली. मूल बालवाडीत येत नाही, तर बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज आपण रोज वापरतो, त्यामागे ते अंगण आहे.

आता फेरी कशी काढायची ते सांगते. सकाळची वेळ, दहा-बारा मुले आणि मोठी माणसे किमान दोन. मदतनीस नसेल तर पाड्यावरची एखादी आजी बरोबर घ्या. हाकेच्या अंतरापलीकडे जायचे नाही. अर्धा तास पुष्कळ झाला. प्रत्येकाच्या हातात पळसाच्या पानाचा द्रोण किंवा जुन्या कापडाची पिशवी द्या. नियम दोनच : खाली पडलेले तेवढे घ्यायचे, झाडाचे तोडायचे नाही, आणि आपल्या मुठीत मावेल एवढेच घ्यायचे.

परत आल्यावर अंगणात गोणपाट अंथरा आणि सगळे त्यावर ओता. लगेच शिकवायला लागू नका. “सारखे सारखे एकत्र ठेवा” एवढेच म्हणा आणि बघत राहा. कोणी रंग बघून लावील, कोणी आकार बघून. एखादा खाण्याचे एकीकडे आणि न खाण्याचे दुसरीकडे ठेवील. ती त्याची वर्गवारी आहे, ती मोडू नका. “असे का ठेवलेस?” म्हणून विचारा. मग मोजणी घ्या. पळसाला पाने तीनच, हे आपण म्हणीत म्हणतो. मुलाला ती बोटाने मोजू द्या. ऐनाच्या फळाला पंख किती, ते पाहू द्या. पाच निघतील. बहाव्याची वाळलेली शेंग हलवून आवाज ऐकू द्या. पाण्याच्या घमेल्यात खडा, पीस, चिंचोका टाकून कोण बुडते, कोण तरंगते ते पाहू द्या. सागाचे कोवळे पान वाऱ्याने पडलेले मिळाले तर तळहातावर चोळून बघा. हात लाल होतो आणि सगळा वर्ग हसतो.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे येणारे चार वर्षांचे मूल पुष्कळदा आठवडेच्या आठवडे बोलत नाही. आपण म्हणतो, लाजाळू आहे. कधी म्हणतो, मंद आहे. खरे कारण साधे असते. घरची बोली वेगळी आणि आपण बोलतो ती मराठी वेगळी. त्यात तक्त्यावर ‘ऐ’ला ऐरण असते. त्या मुलीने ऐरण कधी पाहिलेली नसते. तिच्या पाड्यावर ऐन मात्र असतो. तिला येते ते आपण विचारत नाही आणि आपण विचारतो ते तिला येत नाही.

रानात ही जागा उलटते. कोणते फळ कोणत्या झाडाचे, मोहाची फुले पहाटे कुठे पडतात, हे तिला ठाऊक असते. म्हणून वेचलेल्या वस्तूचे नाव आधी मुलाने सांगायचे, त्याच्या घरच्या बोलीत. ते आपण त्याच्यासारखेच म्हणून बघायचे. चुकलो तर मुले दुरुस्त करतील, करू द्या. त्यानंतर आपले मराठी नाव सांगायचे. दोन्ही नावे खरी. ऐनालाच कुठे सादडा म्हणतात, तेव्हा मराठीतसुद्धा नाव एकच नसते. लहान मुलांना शक्यतो घरच्या भाषेतून शिकवावे, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही म्हटले आहे. आपल्याकडे त्याची सुरुवात एका बीपासून होऊ शकते.

काही पालक विचारतील, “बाई, पालापाचोळा तर आम्ही जन्मभर वेचला. पोराला त्यातून सुटायला तुमच्याकडे पाठवतो, आणि तुम्ही पुन्हा तेच करायला लावता?” हा प्रश्न रास्त आहे, त्यावर रागावू नका. आई मोह वेचते ती पोटासाठी. मूल बालवाडीत वेचते ते निरखण्यासाठी, मोजण्यासाठी, सांगण्यासाठी. हा फरक तोंडाने सांगून पटणार नाही. त्यांना गोणपाटाभोवती बसवा. आपले पोर बारा चिंचोके मोजते आणि दोन भाषांत नावे सांगते, हे त्यांना बघू द्या. मुलांनी वेचलेले काही विकायचे नाही आणि मुलांना सरपणालाही लावायचे नाही, हे मात्र आपण कसोशीने पाळायचे.

शेवटी सावधगिरी. गुंज दिसायला सुंदर, पण तिचे बी चावले तर विषारी. चंद्रज्योत आणि एरंड यांच्या बियाही तशाच. बिब्ब्याचे तेल कातडी भाजते आणि खाजकुइलीच्या शेंगेने अंगाची आग होते. ही झाडे कुठे आहेत ते आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा आणि फेरी तिकडून नेऊ नका. बारीक बी नाकात, कानात जाते, म्हणून तिघा-चौघांमागे एक मोठी नजर हवी. दगड उलटायचा नाही, बिळात किंवा पाल्याच्या ढिगात हात घालायचा नाही. विंचू आणि साप तिथेच असतात. कोणी काही गिळले तर घरगुती उपाय करत बसू नका. ते बी बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. परतल्यावर सगळ्यांचे हात साबणाने धुवा.

येत्या पंधरवड्यात प्रत्येकीने एक फेरी काढावी, एवढीच विनंती आहे. मुलांनी सांगितलेली नावे वहीत लिहून ठेवा, शेजारी मराठी नाव लिहा. पुढच्या वर्गाला ती वही घेऊन या. आपण सगळ्या वह्या एकत्र वाचू आणि त्यातून आपल्या बालवाड्यांचा नवा तक्ता करू. त्यात ‘ऐ’समोर काय काढायचे, ते मुलेच सांगतील.