ज्याची त्याची गोळी

(संस्थेच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी मला ‘आरोग्यावर काहीतरी बोला’ असं सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, अहो, मी बँकेतला माणूस, डॉक्टर नव्हे. पण आपल्या कट्ट्यावर राजकारणाच्या खालोखाल कशावर बोलणं होत असेल तर ते गोळ्यांवर. ‘मला ही मल्टिव्हिटॅमिन फार लागू पडली, तुम्हीही सुरू करा’ असं म्हणून डबीचा फोटो ग्रुपवर टाकायचा. गोडा मसाला कुठून आणला ते सांगावं तसं! म्हणून हाच विषय घेतला. थोडं वाचलं, आमच्या फॅमिली डॉक्टरांकडून तपासून घेतलं आणि मगच इथे उभा राहिलो.

बँकेत कर्जाचा अर्ज आला की आम्ही आधी माणूस बघायचो. उत्पन्न किती, आधीची देणी किती, कर्ज कशासाठी. शेजाऱ्याला पाच लाख मंजूर झाले म्हणून यालाही द्या, असं कोणी म्हणत नसे. गोळीच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो.

एक मुंबईचीच गोष्ट सांगतो. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर इथे आली. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून तिनं काम केलं. गिरणगावातल्या गरोदर बायकांना एक जबरदस्त अ‍ॅनिमिया व्हायचा, त्यात बायका दगावायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. तशाच मोठ्या पेशी दिसणारा दुसरा एक अ‍ॅनिमिया डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होता. पण विल्सबाईंना दिसलं की या बायकांचं दुखणं निराळं आहे, आणि ते यीस्टच्या अर्कानं, म्हणजे ब्रेडला लावतात त्या साध्या मार्माइटनं, बरं होतं. १९३१ साली तिनं हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड, हे पुढे कळलं. दुसऱ्या अ‍ॅनिमियात उणीव असते बी-१२ची.

हे एवढं सांगायचं कारण असं की दोन्ही दुखणी रक्ताच्या तपासणीत सारखी दिसतात, पण औषध वेगळं. बी-१२ कमी असलेल्या माणसानं नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्त सुधारतं, रिपोर्ट छान येतो, आणि आत मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहतं.

आता बी-१२ म्हणजे आपल्या कट्ट्याचा खास विषय. ते मांस, मासे, अंडी यांत असतं, दूध-दह्यात थोडं असतं, भाजीत आणि डाळीत नसतं. त्यामुळे शुद्ध शाकाहारी घरांत उणीव जास्त. त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर ते आणखी कमी शोषलं जातं. अ‍ॅसिडिटीची सकाळची गोळी, पँटोप्राझोल वगैरे, दीर्घकाळ घेतली तरी तेच होतं. आता इथे बसलेल्यांपैकी ही तिन्ही कलमं किती जणांना लागू आहेत, हात वर करू नका, मला माहीत आहे. पायाला मुंग्या आल्या की आपण ‘शुगरमुळे’ म्हणून सोडून देतो. शुगरमुळे असतीलही, पण बी-१२ तपासून घ्यावं. यकृतात त्याचा साठा असतो, त्यामुळे उणीव दिसायलाच काही वर्षं लागतात. आणि साध्या मल्टिव्हिटॅमिनमधली मात्रा अशा माणसाला पुरतेच असं नाही. कधी मोठी गोळी, कधी इंजेक्शन लागतं. ते डॉक्टर ठरवतील.

याच्या उलट व्हिटॅमिन डी. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला ६०,००० युनिटचं सॅशे आठवड्यातून एकदा घ्यायला सांगितलं होतं. घरात कोणाचा तरी समज झाला की रोज एक. दोन-अडीच महिने रोज दुधातून दिलं. भूक गेली, उलट्या, बद्धकोष्ठ, मग माणूस असंबद्ध बोलायला लागला. घरच्यांना वाटलं, वय झालं, विसरायला लागले. शेवटी रक्तातलं कॅल्शियम तपासलं तर भलतंच वाढलेलं, किडनीवर परिणाम झालेला. दहा दिवस इस्पितळात काढले. बरे झाले, पण बायकोच्या मनाची समजूत घालायला बराच काळ लागला. ए, डी, ई, के ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं मुदत ठेवीसारखी, अंगात साठत जातात. सीचं चालू खातं, जास्त झालं की बरंचसं लघवीवाटे बाहेर. तरी मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी सीच्या मोठ्या गोळ्या सांभाळूनच. किडनी अधू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मल्टिव्हिटॅमिनची डबी उघडूच नये.

रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी ज्यांना आहे, त्यांनी लेबलवर ‘के’ आहे का ते बघावं. केमुळे त्या गोळीचा जोर कमी होतो, म्हणून मधेच सुरू किंवा बंद करू नये. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेणाऱ्या भगिनींनी कॅल्शियम किंवा लोह त्यानंतर चार तासांनी घ्यावं. नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही आणि मग डोस वाढवत बसतात. लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको. आता संध्याकाळी चहाबरोबर सगळ्या गोळ्या उरकायची पद्धत किती घरांत आहे ते तुम्हीच बघा.

विड्या-सिगारेटी ओढणाऱ्यांसाठी एक. फिनलंडमध्ये सुमारे २९,००० धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठा प्रयोग झाला. बीटा कॅरोटिननं कर्करोग टळेल अशी आशा होती. १९९४ साली निकाल आला तो उलटा. बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग अधिक निघाला. आणि केसांसाठी बायोटिन घेत असाल, तर रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना आणि लॅबवाल्याला सांगा. थायरॉइडच्याच नव्हे, हृदयविकाराच्या तपासणीचाही निकाल त्यानं चुकू शकतो.

डबीवर ‘हेल्थ सप्लिमेंट’ असं लिहिलेलं असलं, तर त्याच लेबलवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळही असते. अक्षर बारीक असतं, भिंग घ्या. सोनेरी झाकण आणि ‘फिफ्टी प्लस’ पाहून डबी घेऊ नका. जेवण नीट आहे, तपासण्या ठीक आहेत, त्याला बहुधा काहीच लागत नाही. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, मलाही नाही.

संस्थेच्या कार्यालयात मी एक कोरा तक्ता ठेवला आहे. त्यात चालू असलेली सगळी औषधं, ‘सुनेनं अमेरिकेहून आणलेल्या’ गोळ्यांसकट, नाव, मात्रा आणि वेळ लिहायची आणि पुढच्या भेटीला डॉक्टरांपुढे ठेवायचा. अक्षर लावता येत नसेल तर संध्याकाळी सहानंतर मी कार्यालयात असतो, डब्या घेऊन या, लिहून देईन. कुठली घ्यायची ते मात्र मला विचारू नका.