चहाचं पाणी केसांना, जेवणासोबत नको

बचत गटाच्या बैठकीत हिशेब संपला की एक प्रश्न हमखास निघतो, "ताई, केस फार गळतात गं, कोणतं तेल लावू?" आज त्याच्यावरच बोलूया.

डोक्यावर दिसतो तो केस म्हणजे निर्जीव धागा. जिवंत असतं ते कातडीखालचं मूळ. तेल-पाण्यानं धागा राखता येतो. मुळाला पोसतं ते मात्र आपलं रक्त.

आधी धाग्याचं बघू. खोबरेल तेल केसात मुरतं, त्यामुळे धुताना केसाची झीज कमी होते. न्हाण्याआधी तासभर लावलं तरी पुरे. त्यात माका किंवा जास्वंद घालायची असेल तर पाला-फुलं धुऊन सावलीत पूर्ण सुकवा. ओला पाला गरम तेलात पडला की तेल अंगावर उडतं आणि ओल राहिली तर तेल खराब होतं. मंद आचेवर उकळा, बुडबुडे थांबले की उतरवा. गार झाल्यावर गाळून कोरड्या बाटलीत भरा.

न्हाण्यासाठी शिकेकाई, रिठे आणि सुका आवळा रात्री भिजत घाला, सकाळी उकळून गाळून घ्या. डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतं.

शेवटी चहाचं पाणी. अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे चहापत्ती उकळा. दूध-साखर अजिबात नको. गाळून पूर्ण गार करा. न्हाऊन झाल्यावर केसांवर ओता आणि दहा मिनिटांनी साध्या पाण्यानं धुवा. केसांना चमक येते, पांढऱ्या केसांवर किंचित तांबूस झाक येते. ती टिकत नाही, पण पंचाला डाग पडतो, म्हणून जुना पंचा घ्या. नवीन काहीही लावताना आधी कानामागे थोडं लावून एक दिवस बघा. खाज सुटली तर सोडून द्या. आणि उवांसाठी रॉकेल कधीच लावू नका. कातडी भाजते, भडका उडायचीही भीती.

आता मुळाचं. दिवसाला ५० ते १०० केस गळणं नेहमीचंच. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी जास्त गळतात, ते बहुतेक वेळा वर्षभरात आपोआप थांबतं. पण केस गळतायत, शिवाय दम लागतो, चक्कर येते, पाळीत अंगावरून जास्त जातं, असं असेल तर तेलाची बाटली बदलून उपयोग नाही. आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, गरोदरपणी ११ च्या खाली, तर रक्त कमी आहे. रक्त चांगलं असूनही केस गळत राहिले, तर डॉक्टरांना थायरॉईडचं विचारा.

आणि इथेच चहा आडवा येतो बरं का! जेवणासोबत चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. लोहाच्या गोळीचंही तेच. म्हणून जेवण, गोळी आणि चहा यांत तासा-दोन तासांचं अंतर ठेवा. भाकरीबरोबर शेवग्याच्या पाल्याची भाजी, मटकीची उसळ घ्या आणि वर लिंबू पिळा. लिंबानं लोह चांगलं लागतं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तेल सगळ्या मिळून करा, खर्च वाटून जाईल. आणि त्याच आठवड्यात सगळ्या मिळूनच रक्त तपासायलाही जा. एकटीला जायचा कंटाळा येतो, दहाजणी निघाल्या की कोणी मागे राहत नाही.